लेंडीतला हिशेब

एकाच कुरणात चरलेल्या 100 मेंढ्यांच्या लेंड्या वेगवेगळ्या गोळा केल्या आणि प्रत्येकीच्या लेंडीतली जंतांची अंडी मोजली, तर आकडे एकसारखे कधीच येत नाहीत. एकीच्या ग्रॅमभर लेंडीत 100 अंडी, दुसरीच्या 4,000, तिसरीच्या जवळपास शून्य. गवत तेच, पाऊस तोच, मेंढकाही तोच. बेरीज केली तर बहुतेक कळपांत असे दिसते की कुरणावर पडणाऱ्या अंड्यांतला मोठा हिस्सा पाव कळपच टाकत असतो. बाकीच्या मेंढ्या जंत अंगाला फारसे लावून घेत नाहीत. हा सगळा नशिबाचा खेळ नव्हे. त्यातला चांगला पाव हिस्सा आई-बापांकडून आलेला असतो, आणि आई-बापांकडून जे येते ते निवडून वाढवता येते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केनिया, स्कॉटलंड आणि थोडेफार भारतातही शास्त्रज्ञ आणि मेंढपाळ यांनी मिळून जे काम केले, ते या एका निरीक्षणावर उभे आहे.

मेंढीच्या पोटात राहणारे जंत अनेक जातींचे असतात. उष्ण आणि ओलसर प्रदेशात त्यांतला सर्वांत खुनशी म्हणजे हिमाँकस कॉन्टॉर्टस. मेंढीच्या चार कप्प्यांच्या पोटातला शेवटचा कप्पा हे त्याचे घर. मादी दोन-तीन सेंटीमीटर लांब असते. रक्ताने भरलेले लाल आतडे आणि त्याला वेढे घालत गेलेली पांढरी प्रजननेंद्रिये यांमुळे तिच्या अंगावर पीळ दिलेले लाल-पांढरे पट्टे दिसतात. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त पितो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण पोटात 1,000 जंत असतील तर रोज 50 मिलिलिटर रक्त जाते. 30 किलोच्या दख्खनी मेंढीच्या अंगात मुळात रक्त असते ते सगळे मिळून 2 लिटरच्या आसपास.

मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. अंडी लेंडीबरोबर बाहेर पडतात. पावसाळी उबेत त्यांतून आठवडाभरात अळ्या तयार होतात, दवाच्या ओलीवरून गवताच्या पात्यावर चढतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात. आणखी तीनेक आठवड्यांनी त्या स्वतः अंडी घालायला लागतात. या जंताने सहसा जुलाब होत नाहीत, त्यामुळे दुखणे लवकर ध्यानात येत नाही. मेंढी मागे रेंगाळते, डोळ्याच्या पापणीची आतली गुलाबी कड फिकी होत होत पांढरीफटक पडते, जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखी सूज लोंबते. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

यावर विसाव्या शतकाने दिलेले उत्तर बाटलीत होते. 1961 साली थायाबेंडाझोल बाजारात आले आणि मेंढपाळांना वाटले, जंतांचा निकाल लागला. तीनच वर्षांत, 1964 मध्ये, त्याला न जुमानणारा हिमाँकस अमेरिकेत नोंदला गेला. मग लेव्हामिसोल आले. 1980 च्या दशकात आयव्हरमेक्टिन आले. माणसांच्या नदीअंधत्वावरही ते इतके गुणकारी ठरले की विल्यम कँपबेल आणि सातोशी ओमुरा यांना 2015 चे नोबेल त्यासाठी मिळाले. मेंढ्यांच्या जंतांनी मात्र 1980 च्याच दशकात दक्षिण आफ्रिकेत त्यालाही दाद देणे थांबवले होते. 2009 मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे अगदी नव्या वर्गातले औषध आले, आणि 2013 पर्यंत त्याच देशातल्या एका शेळीफार्मवर ते निष्प्रभ ठरल्याची नोंद झाली.

कारण सरळ आहे. कळपातल्या झाडून सगळ्या जनावरांना औषध पाजले की औषधाने मरणारे जंत मरतात आणि जे मरत नाहीत त्यांचीच प्रजा पुढे कुरणावर पडते. शेतकऱ्याने मेंढ्यांची निवड केली नाही तरी जंतांची निवड तो दर डोसागणिक करत होता, आणि फार काटेकोरपणे करत होता.

मेंढीची निवड करायची तर आधी मोजायचे काय, हे ठरले पाहिजे. पोटातले जंत मोजायला मेंढी मारावी लागते आणि मेलेल्या मेंढीपासून पैदास होत नाही. म्हणून अंडी मोजायची. त्याची युक्ती 1939 सालची आहे. सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी एक काचपट्टी बनवली. लेंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवली की जड कचरा खाली बसतो आणि हलकी अंडी वर तरंगतात. काचपट्टीवरच्या आखलेल्या चौकटीत ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि ठरलेल्या आकड्याने गुणायचे, की एका ग्रॅममागे किती अंडी ते कळते. जनुकांच्या गोष्टीत माणसाला चकचकीत यंत्रांची अपेक्षा असते. या शाखेचा कणा मात्र आजही पाऊण शतकाहून जुन्या या काचपट्टीवर आणि मेंढीच्या गुदद्वारातून हाताने काढलेल्या पाच-सात लेंड्यांवर उभा आहे.

मोजणीत एक अडचण अशी की जंतच नसतील तर प्रतिकार दिसणार कुठे? दूध सुटलेल्या कोकरांना जंत लागू द्यावे लागतात, काही आठवडे औषधाची बाटली लांब ठेवावी लागते आणि कळपाची सरासरी काही शे अंड्यांवर गेली की मगच प्रत्येकाची लेंडी तपासायची. मध्ये एखादे कोकरू ढासळले तर त्याला औषध द्यावेच लागते. हा काळ पैदासकाराच्या जिवाला घोर लावणारा असतो. न्यूझीलंडच्या अ‍ॅगरिसर्च संस्थेने यावर एक पर्याय काढला. जंताच्या अळीच्या अंगावर एक शर्करायुक्त पदार्थ असतो, त्याच्याविरुद्ध मेंढीने तयार केलेली प्रतिपिंडे लाळेत सापडतात. कापसाच्या बोळ्याने लाळ टिपायची आणि त्या प्रतिपिंडांचे प्रमाण पाहायचे. तरीही कोकराची जंतांशी गाठ आधी पडलेली असावीच लागते. ती अट काही चुकत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधला आर्मिडेलचा भाग उन्हाळी पावसाचा, म्हणजे हिमाँकसचा हक्काचा मुलूख. तिथे सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने 1970 च्या दशकाच्या अखेरीस मेरिनो मेंढ्यांच्या वेगवेगळ्या शाखा वाढवायला घेतल्या. एकीत कमी अंडी टाकणारे नर-माद्या निवडायचे, दुसरीत मुद्दाम जास्त अंडी टाकणारे. पिढ्यांमागून पिढ्या दोन शाखांतले अंतर रुंदावत गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियात पाऊस हिवाळ्यात पडतो, जंतही वेगळे. तिथे 1980 च्या दशकात रायलिंग्टन मेरिनो हा कळप याच कामासाठी उभारला गेला आणि तिथेही निवड लागू पडली. न्यूझीलंडमध्ये रॉम्नी मेंढ्यांवर तसाच प्रयोग झाला. देश वेगळे, जाती वेगळ्या, जंतांच्या जातीही वेगळ्या, तरी अंड्यांच्या संख्येतल्या फरकापैकी आनुवंशिकतेचा वाटा बहुतेक ठिकाणी 20 ते 35 टक्क्यांच्या दरम्यानच निघाला. गाईच्या दुधाच्या बाबतीतही हा वाटा साधारण एवढाच असतो, आणि एवढ्या भांडवलावर जगाने गाईंचे दूध काही पटींनी वाढवले आहे.

प्रतिकार करणारी मेंढी नेमके करते काय? तिच्या पोटाच्या अस्तरात जंताला ओळखणारी प्रतिपिंडे लवकर आणि भरपूर तयार होतात, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि मास्ट पेशी तिथे गर्दी करतात, अस्तरावरचा चिकट स्राव वाढतो. काही अळ्या रुजण्याआधीच बाहेर फेकल्या जातात. ज्या रुजतात त्या खुरटतात, आणि खुरटलेली मादी अंडी कमी घालते.

याहून वेगळी अशी दुसरी तऱ्हाही असते. काही मेंढ्यांच्या पोटात जंत भरपूर असतात, तरी त्यांचे वजन घटत नाही, अंगातले रक्त टिकून राहते. त्या जंत हटवत नाहीत, सोसतात. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालान या पशुवैद्याच्या कल्पनेतून आलेले फामाचा नावाचे रंगीत कार्ड अशी निवड करायला उपयोगी पडते. त्यावर लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच रंग असतात. मेंढीच्या पापणीची आतली कड त्यांच्याशी ताडून पाहायची आणि फिक्या पडलेल्या जनावरांनाच औषध पाजायचे. ज्यांना वारंवार पाजावे लागते त्यांना कळपातून काढायचे. कार्ड स्वस्त आहे, प्रयोगशाळा लागत नाही, शिवाय औषध न पाजलेल्या मेंढ्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारे जंतही शिल्लक राहतात, ही जमेची बाजू. पण सोसणाऱ्या मेंढीत एक खोट आहे. ती स्वतः धडधाकट राहते आणि रोज लाखो अंडी कुरणावर टाकून शेजारणीला आजारी पाडते. कोकरांचा विचार करणाऱ्याने हटवणारी मेंढी निवडावी हे बरे.

हटवणाऱ्या मेंढ्यांचा फायदा किती, याचा हिशेब एडिंबरोजवळच्या रॉझलिन संस्थेतले स्टीफन बिशप आणि ग्लासगोचे माइक स्टिअर यांनी स्कॉटिश ब्लॅकफेस मेंढ्यांच्या आकडेवारीवरून मांडला. अंडी कमी पडली की कुरणावरच्या अळ्या कमी होतात, पुढच्या कोकरांना लागणच कमी होते, त्यांची अंडी आणखी कमी पडतात. म्हणजे नुसत्या आनुवंशिकतेच्या गणिताने जेवढी सुधारणा दिसायला हवी त्याहून जास्त दिसते. कळपात थोड्याच मेंढ्या कमकुवत असल्या तर त्यांनाही इतरांच्या प्रतिकाराचा आडोसा मिळतो.

आणि जंत? औषधाला तो सरावला, तसा मेंढीच्या प्रतिकारालाही सरावणार नाही का? हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो टाळला नाही. त्यांनी हिमाँकसच्या 14 पिढ्या प्रतिकारक मेंढ्यांतून पुढे नेल्या. 1992 मध्ये निष्कर्ष छापून आला: जंत सरावल्याची चिन्हे नाहीत. औषध बहुधा जंताच्या एखाद्याच कळीच्या जागेवर घाव घालते, ती जागा बदलली की जंत सुटला. मेंढीचा प्रतिकार एकाच वेळी अनेक बाजूंनी येतो, त्यामुळे एका बदलाने निभावत नाही.

या अनेक बाजूंची दुसरी बाजू अशी, की जंतप्रतिकाराचे म्हणून एकच एक जनुक सापडत नाही. 2009 मध्ये मेंढीच्या डीएनएवरच्या 50,000 हून अधिक खुणा एकाच वेळी वाचणारी चिप आली, 2014 मध्ये मेंढीच्या पूर्ण जनुकसंचाचा नकाशा ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आता ते जनुक हाती लागणार, अशी आशा अनेकांना होती. शोध घेतल्यावर सापडले ते असे: शेकडो ठिकाणी विखुरलेले, प्रत्येकी कणभर परिणाम करणारे फरक. मग त्या सगळ्यांची बेरीज करून जनावराची किंमत ठरवायची, हा मार्ग उरतो. ऑस्ट्रेलियात पैदाशीचा मेंढा विकताना त्याच्या कागदावर वजन, लोकर, मांस यांच्या जोडीला जंतांच्या अंड्यांचाही एक आकडा छापलेला असतो. तो उणे असेल तितका चांगला, हे नवख्या गिऱ्हाइकाला दोनदा समजावून सांगावे लागत असणार.

एकाच जनुकाची गोष्ट किती वेगळी असते, ते स्क्रेपी या रोगाने दाखवले. मेंढीच्या मेंदूला पोखरणारा हा रोग युरोपात अठराव्या शतकापासून माहीत आहे. प्रिऑन नावाचे प्रथिन चुकीच्या घडीत दुमडले की तो होतो, आणि त्या प्रथिनाच्या 136, 154 व 171 या तीन जागांवर कोणते अमिनो आम्ल आहे यावर मेंढी बळी पडणार की टिकणार हे बव्हंशी ठरते. ब्रिटनने 2001 मध्ये राष्ट्रीय योजना आखून मेंढ्यांच्या नरांचे रक्त तपासले, टिकाऊ प्रकारचे नर ठेवले, घातक प्रकारचे काढले. एक तपासणी, एक उत्तर. तरी इथेही पाचर बसलीच. 1998 मध्ये नॉर्वेत स्क्रेपीचा एक निराळा प्रकार सापडला होता, आणि नेहमीच्या स्क्रेपीला दाद न देणारी मेंढीही त्याला बळी पडू शकते असे पुढे दिसले. आइसलंडची अडचण उलटी होती. तिथल्या मेंढ्यांत तो टिकाऊ प्रकार आढळलाच नव्हता, रोग निघाला की कळपच्या कळप मारले जात. 2022 मध्ये देशाच्या पूर्व भागातल्या एका शेतावर तो प्रकार असलेल्या मोजक्या मेंढ्या सापडल्या आणि तिथल्या पैदाशीची दिशाच पालटली.

प्रयोगशाळेतली निवड चाळीस-पन्नास वर्षांची, निसर्गाची हजारो वर्षांची. केनिया-टांझानियातल्या मसाई लोकांची तांबूस, जाड शेपटीची मेंढी दिसायला काही देखणी नाही आणि वजनालाही बेताची. 1970 च्या दशकात केनियात तिच्याशेजारी मेरिनोसारख्या परदेशी जाती ठेवून हिमाँकसची तुलना झाली, तेव्हा या मेंढीच्या लेंडीत अंडी कमी आणि अंगात रक्त जास्त निघाले. नेमक्या त्याच दशकात सरकारी प्रोत्साहनाने तिच्यावर डॉर्पर नर चढवले जाऊ लागले होते. डॉर्पर ही दक्षिण आफ्रिकेत घडवलेली, झपाट्याने वाढणारी मांसाची जात. कोरड्या रानात डॉर्परचे संकर खरोखरच चांगले वाढले. दमट किनारपट्टीवर मात्र आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधकांनी 1990 च्या दशकात कळपाचा पूर्ण ताळेबंद मांडला, किती कोकरे जन्मली, किती जगली, किती किलो विकली, तेव्हा मसाई मेंढी डॉर्परच्या फार पुढे निघाली. तोपर्यंत शुद्ध तांबड्या मसाई मेंढ्यांचे कळप शोधावे लागत होते. वजनकाट्यावर जिंकलेली जात ताळेबंदात हरते, हे कळायला वीस वर्षे लागली आणि त्या वीस वर्षांत जुने रक्त पातळ झाले.

भारतात या गोष्टीची सर्वांत रंजक शाखा सुंदरबनात सुरू होऊन फलटणला येते. पश्चिम बंगालच्या दलदलीत गारोळ नावाची चिमुकली मेंढी असते. पूर्ण वाढीची मादी 10 ते 14 किलोंची, आपल्याकडच्या सहा महिन्यांच्या कोकराएवढी. ती गुडघाभर चिखलात चरते आणि एका वेताला दोन-तीन कोकरे देते. 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. पुढे दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळच्या ‘बुरुला’ नावाच्या शेतावर जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या आढळल्या, आणि 1950 च्या दशकात हेलन न्यूटन टर्नर यांनी त्यांच्यावर संशोधन सुरू केले. 2001 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी या जुळ्या-तिळ्यांमागचे जनुक शोधले. एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललेले, एवढाच फरक. लगेच पुढे गारोळमध्येही तोच बदल सापडला. बुरुला मेंढीच्या जुळ्यांचे मूळ बंगालच्या चिखलात होते.

साताऱ्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेला या मेंढीचे मोल त्याआधीच जाणवले होते. 1968 मध्ये संस्था काढणाऱ्या बनबिहारी निंबकरांनी 1990 च्या दशकात गारोळ मेंढ्या फलटणला आणल्या. दख्खनी मेंढी काटक, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देणारी. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या मदतीने, गारोळ आणि दख्खनीचा संकर केला. मग त्या संकराची पिढ्यानपिढ्या पुन्हा दख्खनीशीच गाठ घातली. दर पिढीत डीएनए तपासून जुळ्यांचे जनुक असलेली कोकरे तेवढी ठेवली. गारोळचे खुजेपण मागे पडले, जनुक राहिले, आणि ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. जनुकाची एक प्रत असली तरी धनगरांच्या कळपात दर 100 वेतांमागे 40-50 कोकरे जास्त मिळू लागली.

आता यातली मेख. याच फलटणमध्ये दख्खनी आणि बन्नूर या जातींच्या कोकरांची त्यांच्या गारोळ संकरांशी तुलना झाली होती, आणि 2003 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गारोळ रक्ताच्या कोकरांचे वजन कमी भरले, पण जंतांना त्यांनी जास्त प्रतिकार केला. दलदलीत पिढ्यान् पिढ्या चरलेल्या मेंढीकडून हे अपेक्षितच होते. मात्र जुळ्यांचे एक जनुक चिमटीत धरून नव्या जातीत नेता आले, तसा हा प्रतिकार नेता येत नाही. तो शेकडो ठिकाणी विखुरलेला. दख्खनीशी एकदा गाठ घातली की गारोळचा वाटा अर्धा, पुन्हा घातली की पाव, मग अष्टमांश. खुजेपणाबरोबर जंतप्रतिकाराचे कणही पातळ होत जाणार, हे या पद्धतीतच आहे. ते परत मिळवायचे तर दख्खनीतच शोधायला हवेत, आणि तिथे डीएनएची एक चाचणी पुरत नाही, कोकरागणिक लेंडी मोजावी लागते. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने मालपुरा आणि अविकालीन या जातींत हिमाँकसला जास्त आणि कमी प्रतिकार करणाऱ्या शाखा अशाच मोजणीतून वेगळ्या काढल्या आहेत, म्हणजे आपल्या हवेत आणि आपल्या मेंढ्यांत हे होऊ शकते.

महाराष्ट्रात 2019 च्या पशुगणनेनुसार सुमारे 27 लाख मेंढ्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा वाड्याबरोबर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळाबरोबर, चालणाऱ्या. पावसाळ्यात माणदेश-खटावच्या माळावर, दिवाळीनंतर कोकणात किंवा बागायती पट्ट्यात शेतात बसवायला. अशा कळपात कोणत्या कोकराचा बाप कोण, हे सांगणे अवघड. जंताचे औषध पाजताना वजन अंदाजाने ठरते, डोस कमी पडतो, आणि कमी डोस हा औषधाला न जुमानणारे जंत तयार करण्याचा हमखास रस्ता. प्रत्येक वाड्यात काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक पोहोचणार नाही. त्याची गरजही नाही. एखाद्या केंद्रावर काही शे मेंढ्यांचा नोंदी ठेवलेला कळप असावा, तिथे मोजून निवडलेले नर धनगरांना द्यावेत. जुळ्यांच्या जनुकाचे नर फलटणहून असेच गेले. फरक इतकाच की जुळी पहिल्याच वेताला डोळ्यांना दिसतात, पोटात न रुजलेला जंत कुणालाच दिसत नाही. म्हणून असा नर विकणे जुळ्यांच्या नरापेक्षा कितीतरी कठीण जाणार.

फुकट तर काहीच मिळत नाही. न्यूझीलंडच्या कमी अंड्यांच्या रॉम्नी शाखेत लोकरीचे वजन थोडे घटले आणि शेपटीखाली घाण जास्त चिकटू लागली. पश्चिम ऑस्ट्रेलियातही प्रतिकारक मेंढ्या अळ्यांशी इतक्या जोराने झुंजतात की त्या झुंजीतूनच त्यांना पातळ होते, असे दिसले. म्हणून तिथे पैदासकार अंड्यांबरोबर शेपटीची स्वच्छताही वेगळी मोजतात, आणि कशाला किती भार द्यायचा याचे गणित दर काही वर्षांनी नव्याने मांडतात.

दख्खनच्या पठारावर हे गणित जुळ्यांपाशी येऊन अडते. विण्याच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे सहा-आठ आठवडे मेंढीचा प्रतिकार ढिला पडतो, तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात आणि नेमकी नवजात कोकरांच्या वाट्याला येतात. पोटात एकाऐवजी दोन कोकरे असली की हा उतार जास्त खोल असतो, कारण अंगातले प्रथिन आधी दुधाकडे वळते आणि उरले तर जंतांशी लढायला. म्हणजे जुळी देणारी मेंढी जास्त प्रतिकारक हवी, आणि तोवर तिला गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड तरी मिळायला हवी. अशा जास्तीच्या प्रथिनाने विणाऱ्या मेंढीच्या लेंडीतली अंडी कमी होतात, हे परदेशातल्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे.